लिनक्स कर्नलमधील अ‍ॅरेच्या घोषणांचे आधुनिकीकरण : कारणे आणि अडचणी

गोषवारा : संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील एखाद्या घोषणेतून '१' किंवा '०' हा अंक वगळून कंस रिकामा ठेवणे ही वरवर पाहता लेखनशुद्धीची बाब वाटते. लिनक्स कर्नलमध्ये मात्र या बदलासाठी अनेक वर्षे काम चालले आहे. थोड्या घोषणा वस्तुस्थितीला धरून नसल्यामुळे उरलेल्या सर्व खऱ्या घोषणांचेही संरक्षण नाहीसे झाले होते, हे या कामामागील मुख्य कारण आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : सी भाषा, लिनक्स कर्नल, लवचीक अ‍ॅरे, कंपायलर, स्मृतिसुरक्षा

प्रस्तावना

ज्या परीक्षांत पुरवण्या दिल्या जातात, तेथील उत्तरपत्रिकेची रचना आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मुखपृष्ठावर आसन क्रमांक, विषय, दिनांक इत्यादींच्या ठरावीक चौकटी असतात; त्यांचा आकार बदलत नाही. पुरवण्या किती जोडल्या जातील हे मात्र आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मुखपृष्ठावर आणखी एक चौकट असते : पुरवण्यांची संख्या. पर्यवेक्षकाने ती संख्या आणि प्रत्यक्ष जोडलेल्या पुरवण्या ताडून पाहावयाच्या असतात.

संगणकाच्या स्मृतीत माहिती साठवितानाही नेमकी हीच गरज वारंवार पडते. आरंभी ठरावीक आकाराचा शीर्षभाग आणि त्यामागे एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग रांग, अशी ही मांडणी असते. अशा रांगेला अ‍ॅरे म्हणतात. जाळ्यावरून येणारा संदेश, चकतीवरील फाइलची नोंद, एखाद्या उपकरणाला दिलेली आज्ञा, सर्वत्र हीच मांडणी आढळते. कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. त्याचे तर बहुतेक काम अशाच नोंदी वाचणे, लिहिणे आणि पुढे पाठविणे हे असते. ही बदलत्या लांबीची रांग सी भाषेत घोषित कशी करावी, या प्रश्नाला जी वेगवेगळी उत्तरे दिली गेली, त्यांचा हिशेब आज चुकता केला जात आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही विषय समजावा म्हणून पुढील विवेचनात आज्ञावलीच्या ओळी शक्यतो टाळल्या आहेत.

सी भाषेतील अडचण

सी भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी विकसित केली. युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी ती घडविली गेली, आणि म्हणूनच तिने लेखकावर मोठा विश्वास टाकला. अ‍ॅरेमध्ये दहा जागा असताना अकराव्या जागी मूल्य लिहिण्याची आज्ञा दिली, तर भाषा स्वतःहून अडवीत नाही. शेजारच्या स्मृतीत जे काही असेल त्यावर ते मूल्य लिहिले जाते. याचे परिणाम काय होऊ शकतात हे १९८८ च्या मॉरिस वर्म प्रकरणात जगाने पाहिले. युनिक्स यंत्रांवरील एका सेवेत ५१२ बाइटांची जागा राखलेली होती आणि येणारा मजकूर मोजलाच जात नव्हता. त्या फटीतून ती उपद्रवी आज्ञावली यंत्रांत शिरली. कर्नलमध्ये हा धोका अधिक गंभीर असतो. साध्या आज्ञावलीभोवती कार्यप्रणालीची भिंत असते. कर्नलच्या आत त्याच्या निरनिराळ्या भागांमध्ये तशी भिंत नाही. चार बाइट चुकीच्या ठिकाणी लिहिले गेले तर ते एखाद्या वापरकर्त्याच्या अधिकारांच्या नोंदीवरही पडू शकतात.

१९८९ च्या अमेरिकी मानकानुसार अ‍ॅरेची लांबी घोषणेतच सांगणे आवश्यक होते आणि ती निदान एक असावी लागे. मग बदलत्या लांबीची रांग कशी लिहावयाची? अनुभवी लेखकांनी युक्ती काढली. स्ट्रक्चरच्या, म्हणजे अशा एकत्र बांधलेल्या नोंदीच्या, शेवटी एकच जागा असलेला अ‍ॅरे घोषित करावयाचा आणि प्रत्यक्षात स्मृती मागताना जास्त मागून घ्यावयाची. जीसीसी या कंपायलरने आणखी एक सवलत दिली : शून्य लांबीचा अ‍ॅरे. अखेर सी९९ या १९९९ च्या मानकात अधिकृत मार्ग आला. शेवटच्या अ‍ॅरेचा कंस रिकामा ठेवावयाचा, म्हणजे लांबी घोषणेत सांगितलेलीच नाही असा त्याचा अर्थ. यालाच या लेखात लवचीक अ‍ॅरे म्हटले आहे. (आज्ञावली चालू असताना लांबी ठरणारे, स्टॅकवरील अ‍ॅरे हा निराळा विषय होय. ते कर्नलमधून २०१८ च्या अखेरीस, ४.२० या आवृत्तीपर्यंत, काढून टाकण्यात आले.)

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये केला, म्हणजे सी९९ च्या आठ वर्षे आधी. त्यामुळे तिन्ही पद्धती कर्नलमध्ये शेजारी शेजारी नांदत राहिल्या. मानक आले तरी जुने लेखन आपोआप बदलत नाही. चालणाऱ्या आज्ञावलीला हात लावू नये ही वृत्ती आपल्या क्षेत्रात बळकट आहे, आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण

जाळ्यावरील मल्टिकास्ट संदेश कोणत्या उगमांकडून स्वीकारावेत हे कर्नलला सांगण्यासाठी एक स्ट्रक्चर वापरले जाते. त्याचे नाव आयपी-एमएसफिल्टर. त्यात प्रत्येकी ४ बाइटांचे चार घटक आहेत : गटाचा पत्ता, जोडणीचा पत्ता, गाळणीचा प्रकार आणि उगमांची संख्या. त्यामागे उगमांच्या पत्त्यांची यादी, प्रत्येक पत्ता ४ बाइटांचा. ही यादी एका जागेचा अ‍ॅरे म्हणून घोषित होती. म्हणजे कंपायलरच्या हिशेबाने संपूर्ण स्ट्रक्चर २० बाइटांचे.

पाच उगम असतील तर प्रत्यक्षात १६ अधिक २०, म्हणजे ३६ बाइट हवेत. घोषणेत एक जागा आधीच मोजलेली असल्यामुळे सूत्र असे लिहावे लागे : २० वजा ४, अधिक ५ गुणिले ४. हे 'वजा ४' म्हणजे खोट्या घोषणेची भरपाई होय. ही भरपाई प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक लेखकाने आठवणीने करावयाची. विसरली तर चार बाइट वाया जातात. दोनदा केली तर चार बाइट कमी पडतात.

शून्य लांबीच्या अ‍ॅरेत वजाबाकी लागत नाही, म्हणून तो बरा वाटतो. त्याची खोड निराळी आहे. त्याचा आकार विचारला तर कंपायलर निमूटपणे शून्य असे उत्तर देतो. लेखकाच्या मनात काही वेगळे असेल तर चूक तशीच पुढे जाते. लवचीक अ‍ॅरेचा आकार विचारला तर कंपायलर थांबतो व दोष दाखवितो, कारण जे सांगितलेलेच नाही ते मोजता येत नाही. तसेच शून्य लांबीचा अ‍ॅरे स्ट्रक्चरच्या मध्यभागी पडून राहिला तरी तक्रार होत नाही. त्याच्यामागे नंतर कोणी नवा घटक जोडला तर यादी त्या घटकावर लिहिली जाते. लवचीक अ‍ॅरे शेवटीच असला पाहिजे, असे भाषाच बजावते.

खऱ्या घोषणांचे नुकसान

येथवरच्या अडचणी त्या त्या स्ट्रक्चरपुरत्या आहेत. तेवढ्यासाठी कर्नलभर दुरुस्ती करण्याचा खटाटोप कोणी केला नसता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खरे नुकसान दुसरीकडे होत होते.

समजा, एका स्ट्रक्चरच्या शेवटी उपकरणाच्या नावासाठी १६ बाइटांचा अ‍ॅरे आहे. ही घोषणा संपूर्ण खरी आहे. नाव कधीही १६ बाइटांहून मोठे असणार नाही. आता चुकून ४० बाइट त्यात उतरविले जात आहेत. घोषणा समोर असल्यामुळे कंपायलरने हे ओळखावयास हवे. पण तो ओळखत नसे. का? कारण शेवटचा अ‍ॅरे घोषित लांबीहून मोठा असू शकतो, हे त्याने अनेक वर्षांच्या प्रघातावरून गृहीत धरलेले होते. एका जागेचा अ‍ॅरे खोटा असू शकतो, तर सोळाचाही असू शकेल. कोणता लेखक खरे बोलतो आणि कोणता युक्ती करतो हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून स्ट्रक्चरच्या शेवटी असलेल्या प्रत्येक अ‍ॅरेची लांबी 'अज्ञात' असे तो मानी.

काही परीक्षार्थी शेवटच्या चौकटीबाहेर लिहितात आणि ते चालवून घ्यावे असा संकेत पडला, तर पर्यवेक्षकाला कोणाच्याच शेवटच्या चौकटीकडे पाहण्याचे कारण उरत नाही. तसाच हा प्रकार होता. कर्नलमध्ये फोर्टिफाय-सोर्स ही तपासणी ४.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, उपलब्ध होती. एका ठिकाणची माहिती दुसरीकडे उतरविताना जागा पुरेशी आहे काय हे ती पाहते. परंतु जागेचा आकार तिला कंपायलरकडून कळतो. कंपायलर 'अज्ञात' म्हणाला की ती गप्प बसते. तपासणी होती, पण शेवटच्या अ‍ॅरेपुरती ती आंधळी होती.

यावर उपाय म्हणून जीसीसी १३ आणि क्लँग १६ या २०२३ मधील कंपायलरांत एक पर्याय उपलब्ध झाला. त्याच्या पातळ्या ० ते ३ अशा आहेत. शून्य म्हणजे जुना संकेत : शेवटचा कोणताही अ‍ॅरे लवचीक मानावा. पहिल्या पातळीवर रिकामा कंस, शून्य आणि एक एवढेच लवचीक. दुसरीवर रिकामा कंस आणि शून्य. तिसरीवर केवळ रिकामा कंस. तिसरी पातळी लावली की घोषणा शब्दशः खरी मानली जाते. अट एकच : त्याआधी कर्नलमधील युक्तीच्या घोषणा दुरुस्त झालेल्या असल्या पाहिजेत, अन्यथा निर्दोष चालणारे भागही सीमाभंगाच्या कारणावरून अडविले जातील. लिनक्स ६.५ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये, ही तिसरी पातळी संपूर्ण कर्नलला लागू झाली. त्याआधीची दुरुस्ती हेच या लेखाच्या शीर्षकातील आधुनिकीकरण होय.

दुरुस्तीचे काम

हे काम प्रामुख्याने कर्नल सेल्फ-प्रोटेक्शन प्रोजेक्ट या २०१५ मध्ये केस कुक यांनी सुरू केलेल्या उपक्रमातून झाले आणि त्यातील मोठा वाटा गुस्ताव्हो सिल्व्हा यांनी उचलला. शून्याच्या जागी रिकामा कंस आणणे पुष्कळ अंशी यांत्रिक असते. त्यासाठी कोक्सिनेल या साधनाची मदत झाली. ते आज्ञावलीतील विशिष्ट आकृतिबंध शोधून बदलते. २०२० मध्ये असे बदल कर्नलभर करण्यात आले. कर्नलच्या दस्तऐवजांतही शून्य व एक लांबीच्या अशा अ‍ॅरेंची नोंद आता त्याज्य पद्धतींच्या यादीत आहे.

एकाच्या जागी रिकामा कंस आणणे मात्र यंत्रावर सोपविण्यासारखे नाही. वर दिलेल्या सूत्रातील 'वजा ४' आठवावे. कंस रिकामा झाला की स्ट्रक्चरचा आकार २० वरून १६ होतो. सूत्र तसेच राहिले तर पाच उगमांसाठी १६ वजा ४ अधिक २०, म्हणजे ३२ बाइट मागितले जातील. हवे आहेत ३६. आधी जी आज्ञावली बरोबर होती ती सुधारणेमुळे चुकीची झाली.

हे प्रस्तुत लेखकाने पुस्तकात नव्हे, आपल्याच प्रयोगशाळेत पाहिले आहे. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने गुणपत्रकाची आज्ञावली लिहिली होती : वर्ग, विषय, सत्र आणि संख्या असे ४ बाइटांचे चार घटक व त्यामागे गुणांची यादी, एका जागेच्या अ‍ॅरेने. 'कंस रिकामा ठेव, ते आधुनिक आहे,' असे आम्हीच त्यास सांगितले. त्याने तसे केले. पाच विद्यार्थ्यांचे गुण भरून आज्ञावली आम्हांस दाखविली, ती चालली आणि आम्ही पूर्ण गुण दिले. पुढच्या आठवड्यात तो सांगत आला : 'सर, सहापर्यंत चालते, सातला बंद पडते आणि आठला पुन्हा चालते.' स्मृती मागण्याच्या ओळीतील 'वजा एक' त्याने काढला नव्हता, आणि आम्हीही ती ओळ पाहिली नव्हती. ६४ बिटी लिनक्सवर स्मृती देणारी व्यवस्था मागणी वरच्या ठरावीक मापापर्यंत वाढवून देते. ३२ किंवा ३६ बाइट मागितले तरी वापरण्यास ४० मिळतात. म्हणून पाच आणि सहाच्या वेळी कमतरता झाकली गेली. सातला मागणी ४० ची, मिळालेले ४० आणि हवे ४४. चार बाइट शेजारच्या नोंदीवर गेले. आठला मागणी ४४ ची झाली, मिळाले ५६, आणि चूक पुन्हा झाकली. त्याचे गुण आम्ही कमी केले नाहीत. अर्धवट सुधारणा आम्हीच सुचविली होती.

कर्नलमध्ये म्हणूनच घोषणा बदलणे आणि स्मृतीचा हिशेब बदलणे एकत्रच केले जाते. त्यासाठी २०१८ मध्ये, ४.१८ या आवृत्तीत, स्ट्रक्ट-साइझ हे साहाय्यक सूत्र आले. शीर्षभाग अधिक घटकांची संख्या गुणिले घटकाचा आकार, एवढे ते स्वतः मोजते. गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर तो फिरून लहान संख्या होऊ न देता शक्य तेवढी मोठी संख्या परत करते, जेणेकरून स्मृतीची मागणीच नामंजूर होते. हाताने वजाबाकी करण्याचे कामच उरत नाही.

(आपल्या भागातील अनेक महाविद्यालयांत सी भाषा टर्बो सी या कंपायलरवर शिकविली गेली आहे. तो सी९९ च्या आधीचा असल्यामुळे लवचीक अ‍ॅरे त्यावर दाखविता येत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना एका जागेची युक्तीच सहज सुचते, यात त्यांचा दोष थोडा आहे.)

संख्येची चौकट

रिकाम्या कंसाने खोटे थांबले, पण माहिती मिळाली नाही. यादी किती लांब आहे हे घोषणेवरून अजूनही कळत नाही. वस्तुतः ते त्याच स्ट्रक्चरमध्ये लिहिलेले असते. आपल्या उदाहरणात उगमांची संख्या हा चौथा घटक आहेच. फक्त या घटकाचा त्या यादीशी संबंध आहे, हे कंपायलरला कोणी सांगितलेले नसते. हा संबंध सांगण्यासाठी काउंटेड-बाय ही खूण तयार झाली. कर्नलमध्ये तिची सोय २०२३ मध्ये झाली. क्लँगने ती १८ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, आणि जीसीसीने १५ व्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, स्वीकारली. पुरवण्यांच्या संख्येची चौकट मुखपृष्ठावर पूर्वीपासून होती. ती पाहण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला आता मिळाला, असे म्हणता येईल. आता चालू आज्ञावलीतही यादीच्या सीमेबाहेरचे वाचन-लेखन पकडता येते.

यातही एक मेख आहे. पुष्कळ लेखक आधी यादी भरतात आणि शेवटी संख्या लिहितात, जसे परीक्षार्थी घंटा झाल्यावर पुरवण्यांची संख्या लिहितो. खूण लावल्यावर हा क्रम चालत नाही. यादीच्या पहिल्या जागी लिहितानाच तपासणी संख्या पाहते, तेथे शून्य असते, आणि निर्दोष लेखन अडविले जाते. त्यामुळे खूण लावणाऱ्याला त्या स्ट्रक्चरचा जेथे जेथे वापर होतो तेथे संख्या आधी लिहिली जाते काय हे वाचून पाहावे लागते. हे यंत्राने करण्याजोगे नाही.

आणखी एक काम अद्याप पुरते संपलेले नाही. लवचीक अ‍ॅरे असलेले स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या मध्यभागी बसविले, तर त्याची यादी पुढच्या घटकांवर येते. जीसीसी १४ मध्ये, २०२४ साली, याबद्दल इशारा देण्याची सोय झाली आणि अशा जागा एकेक करून सोडविल्या जात आहेत.

कर्नलच्या सीमेवर

कर्नलच्या आतील घोषणा कर्नलच्या लेखकांना बदलता येतात. पण काही स्ट्रक्चरे कर्नल आणि बाहेरच्या आज्ञावली यांच्यामधील करारासारखी असतात. आयपी-एमएसफिल्टर त्यांपैकीच एक. त्याची एका जागेची घोषणा आणि 'वजा' असलेले सूत्र हे दोन्ही २००४ च्या आरएफसी ३६७८ या दस्तऐवजात छापलेले आहे, आणि त्यावर विसंबून कोणी कोठे काय लिहिले आहे याची यादी कोणापाशीच नाही. कर्नलने येथे कंस रिकामा केला असता, तर त्या शीर्षफाइलवरून पुन्हा कंपाइल होणाऱ्या बाहेरच्या आज्ञावल्यांपैकी ज्यांनी वजाबाकी स्वतः लिहिली आहे, त्यांना आमच्या विद्यार्थ्याप्रमाणेच चार बाइट कमी पडले असते. त्यांपैकी किती सातला बंद पडल्या असत्या आणि किती आठला चालत राहिल्या असत्या, हे कोणी सांगावे?

म्हणून २०२१ मध्ये तेथे वेगळा मार्ग काढण्यात आला. त्या शेवटच्या जागेला युनियनच्या साहाय्याने दोन नावे देण्यात आली. जुन्या नावाने ती एका जागेचा अ‍ॅरे आहे. नव्या नावाने तीच जागा लवचीक अ‍ॅरे आहे. सी भाषेच्या मानकात युनियनमध्ये लवचीक अ‍ॅरे थेट ठेवता येत नाही, त्यासाठी एक साहाय्यक सूत्र करावे लागले. स्ट्रक्चरचा आकार २० बाइटच राहिला, जुने सूत्रही बिघडले नाही. कर्नल स्वतः यादी वाचताना नवे नाव वापरतो. बाहेरच्या आज्ञावल्या जुने नाव वापरतात, आणि त्यांच्यासाठी ती यादी आजही एका जागेचीच आहे.